कामकऱ्यांचे वकील काका बॅप्टिस्टा

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी परमेश्वराच्या उपकारांचे स्मरण करीत असता, ज्यांच्या चरित्रापासून आपणांस बोध घेता येईल अशा थोर पुरुषांचे स्मरण करणेही उचितच होय. संतांची चरित्रे अशा स्मरणिकांतून वरचेवर येतात, व ती तशी यावयासच पाहिजेत. तथापि ज्यांस ख्रिस्तसभेने वेदीवर बसविले नाही, जे कचेऱ्यांत, कोर्टांत व सभांत वावरले, आणि तरीही दुर्बलांची बाजू घेऊन आपला धंदा ज्यांनी निष्कलंक राखला, अशा धर्मबांधवांची आठवण आपण फार थोडी ठेवतो. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा हे अशांपैकी एक होत. सारा महाराष्ट्र त्यांस प्रेमाने काका म्हणत असे.

आपण कर्नाळ्याच्या छायेत राहणारी माणसे. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा उभा सुळका आपल्या मुलांस लहानपणापासून परिचयाचा असतो. त्याच सुळक्याच्या पायथ्याशी शिरढोण गावी 1845 साली वासुदेव बळवंत फडके जन्मास आले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. इंग्रज सरकाराविरुद्ध बंड उभारल्याबद्दल 1879 साली पुण्याच्या कोर्टात वासुदेव बळवंतांवर खटला भरण्यात आला, तेव्हा त्यांच्या वाऱ्यासही उभे राहण्यास लोक भीत होते. अशा वेळी गणेश वासुदेव जोशी हे त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. ह्या जोशांस लोक सार्वजनिक काका म्हणत. आरोपी कितीही अप्रिय असो, सरकारची मर्जी कितीही खप्पा होवो, कोर्टात त्याची बाजू मांडणारा कोणी तरी असलाच पाहिजे, हा धडा ह्या पहिल्या काकांनी महाराष्ट्रास घालून दिला. तोच धडा पुढील पिढीत ज्या दुसऱ्या काकांनी गिरविला, आणि कोर्टाच्या आवारातून तो गिरणीच्या दारापर्यंत नेला, त्यांची ही कथा आहे.

जोसेफ बॅप्टिस्टा ह्यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी मुंबईत माझगाव येथील माथारपाखाडीत झाला. त्यांचे वडील मूळचे साष्टीतील उत्तन गावचे. माथारपाखाडी हे त्या काळी शेतकरी व कारागीर ख्रिस्ती लोकांचे लहानसे गावठाणच होते. ह्या समाजास पुढे ईस्ट इंडियन हे नाव मिळाले. पोर्तुगीज अमदानीत ह्या लोकांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला व त्यांस पोर्तुगीज आडनावे मिळाली. पण त्यांची घरची बोली मराठीच राहिली, आणि लग्नातील गाणी, शेतीची कामे व खाणेपिणे कोकणच्या मातीतलेच राहिले. आडनाव बॅप्टिस्टा आणि बोली मराठी, ह्यात ह्या समाजास कधी विसंगती वाटली नाही. जोसेफ ह्यांसही ती वाटली नाही. धर्माने कॅथलिक आणि देशाने हिंदी, अशी दोन घरे त्यांच्या मनात वेगळी नव्हती.

प्राथमिक शिक्षण माझगावच्या सेंट मेरी शाळेत झाल्यावर ते पुण्यास अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात गेले. पुढे विलायतेस जाऊन त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पदवी संपादन केली, आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले. दगडविटांच्या बांधकामाचे शास्त्र शिकलेला तरुण कायद्याकडे वळला, हे त्या काळी थोडे नवलाचेच होते. पण आपल्या शहरात कोणते बांधकाम अपुरे राहिले आहे हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले असेल, त्यास ह्या निवडीचे नवल वाटू नये.

ते बांधकाम कोणते, हे समजण्यासाठी त्या वेळच्या मुंबईकडे पाहिले पाहिजे. शहरातील पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. शतक संपण्याच्या सुमारास परळ, लालबाग, भायखळा व माझगाव ह्या भागांत धुराडी दाट झाली होती. रत्नागिरी, सातारा व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातून माणसे पडावाने व पायवाटेने येऊन ह्या गिरण्यांत भरती होत. आपल्या पनवेल बंदरातूनही कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष असेच मुंबईस गेले. एका खोलीत दहा-बारा माणसे राहत. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताचाही आसरा उरला नाही. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. सज्ञान पुरुषाच्या कामाच्या तासांस कायद्याने पहिली मर्यादा घातली ती 1911 साली, व तीही बारा तासांची. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या मुलास कामावर घेण्यास मोकळीक ठेवली होती, आणि बारा वर्षांखालील मुलांकडून दिवसास नऊ तासच काम घ्यावे, एवढेच बंधन घातले होते.

आपणां ख्रिस्ती लोकांस रविवारचे अगत्य विशेष. परंतु मुंबईच्या गिरणीकामगारास रविवारची सुटी मिळवून देण्याचे श्रेय महात्मा फुले ह्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांस द्यावे लागते. कित्येक वर्षे अर्ज-विनंत्या व सभा केल्यानंतर 1890 साली गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. लोखंडे 1897 साली वारले. त्यांच्या पश्चात कामकऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकणारा, आणि ऐकलेले गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस शहरास हवा होता.

कायद्याची भाषा ही तेव्हा जवळजवळ मालकाचीच भाषा होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ह्याचे एकच उदाहरण पुरे आहे. 1859 साली केलेल्या एका कायद्याप्रमाणे, आगाऊ पैसे घेतलेला कामकरी काम सोडून गेला तर मालक त्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करी, आणि हुकूम होऊनही तो काम करीना वा पैसे परत करीना तर त्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होई. उलट मालकाने मजुरी अडवून धरली तर तो केवळ दिवाणी देण्याघेण्याचा प्रश्न. त्यासाठी कामकऱ्याने पदरचे पैसे खर्चून दावा लावावा. म्हणजे कराराचा भंग एकाच्या हातून झाला तर गुन्हा, आणि दुसऱ्याच्या हातून झाला तर हिशेबाची चूक! हा कायदा 1926 पर्यंत पुस्तकात राहिला. मजुरी वेळेवर देण्याचा कायदा व्हावयास 1936 साल उजाडावे लागले.

अशा वेळी नव्या वकिलापुढे दोन वाटा असत. गिरणीमालक, रेल्वे कंपन्या व व्यापारी पेढ्या ह्यांस कायद्याच्या सल्ल्याची नित्य गरज लागे. त्यांची फी वेळेवर येई, आणि एकदा मर्जी बसली की पुढील वीस-पंचवीस वर्षांची ददात मिटे. दुसरी वाट कामकऱ्याची. त्याच्यापाशी फी नाही, कागद नाही, आणि बहुधा अक्षरओळखही नाही. पहिली वाट पापाची होती असे कोणी समजू नये. मालकासही कोर्टात वकील मिळण्याचा हक्क आहे, व प्रामाणिकपणे त्याची बाजू मांडणे हे सन्मानाचेच काम आहे. पण तराजूच्या एका पारड्यात शहरातील उत्तमोत्तम कायदेपंडित बसलेले असावेत आणि दुसरे पारडे रिकामेच असावे, ह्यास न्याय म्हणता येत नाही. बॅप्टिस्टा ह्यांनी त्या रिकाम्या पारड्यात आपले वजन टाकले, हेच त्यांच्या चरित्राचे सार आहे.

1901 साली ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनात निवडून आले, आणि पुढे सतरा वर्षे त्यांनी तेथे काम केले. नळाचे पाणी, गटारे, रस्ते व चाळी ह्यांसारखे विषय वरून रुक्ष दिसतात. पण 1896 पासून प्लेगने ग्रासलेल्या शहरात हेच विषय जीवनमरणाचे होते. पुण्यास शिकलेली अभियांत्रिकी अशा प्रकारे त्यांच्या कामी आली.

ह्याच काळात लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. एक चित्पावन ब्राह्मण, एक माझगावचा कॅथलिक. पण मैत्री अखेरपर्यंत अभंग राहिली. 1908 च्या जून महिन्यात लोकमान्यांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. सरकारने खटल्यासाठी विशेष ज्यूरी मागितली. अशा ज्यूरीत युरोपियनांचा भरणा होणार आणि ज्या मराठी लेखांवरून खटला, त्यांची भाषाच बहुतेक पंचांस समजणार नाही, हे उघड होते. ह्या मागणीस विरोध करण्यासाठी लोकमान्यांतर्फे बॅप्टिस्टा कोर्टात उभे राहिले. न्यायमूर्ती दावर ह्यांनी तो विरोध मानला नाही. हेच दावर 1897 च्या पहिल्या खटल्यात टिळकांचे वकील होते, हाही दैवाचा एक खेळच म्हणावयाचा. सात युरोपियन व दोन पारशी पंचांनी सातास दोन अशा मताने लोकमान्यांस दोषी ठरविले, आणि 22 जुलै रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

दुसऱ्या दिवसापासून मुंबईत जे घडले ते हिंदुस्थानाने पूर्वी पाहिले नव्हते. शिक्षेच्या एका वर्षास एक दिवस ह्या हिशेबाने गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. रस्त्यांवर गोळीबार झाला व माणसे मेली. मजुरीसाठी संप पूर्वीही होत. पण कोर्टातील निकालासाठी झालेला हा संप पहिलाच. ज्यांस लिहितावाचता येत नव्हते, त्यांसही कोर्टात चाललेली गोष्ट आपली आहे असे वाटू लागले. बॅप्टिस्टा ह्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ह्या सहा दिवसांकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. ज्यांनी देशाच्या पुढाऱ्यासाठी आपली भाकर सोडली, त्यांच्या भाकरीसाठी देशाच्या पुढाऱ्यांनी काय केले, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नव्हता.

दोन वर्षांनी, 1910 साली, विनायक दामोदर सावरकर ह्यांस विलायतेहून पकडून आणून मुंबईत विशेष न्यायमंडळापुढे उभे करण्यात आले. तेथे ज्यूरी नव्हती, अपीलही नव्हते. नाशिकच्या जॅक्सन कलेक्टराच्या खुनानंतरचे ते दिवस. आरोपींची बाजू घेणाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाई. अशा वेळी सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांत बॅप्टिस्टा प्रमुख होते. स्वतः बॅप्टिस्टा हे सनदशीर मार्गाचे पुरस्कर्ते. शस्त्राचा मार्ग त्यांचा नव्हे. पण आरोपीच्या मताशी वकिलाचे मत जुळलेच पाहिजे असे नाही, फक्त त्याची बाजू नीट ऐकली गेली पाहिजे, हा आपल्या धंद्याचा पहिला नियम ते जाणत होते. शिरढोणच्या वासुदेव बळवंतांसाठी सार्वजनिक काकांनी जे केले, तेच एकतीस वर्षांनी ह्या काकांनी केले.

लोकमान्य मंडालेहून 1914 साली सुटून आले. 1915 साली पुण्यास राष्ट्रीय पक्षाची प्रांतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान बॅप्टिस्टा ह्यांस देण्यात आले. आयर्लंडातील होमरूलच्या चळवळीचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. आयर्लंड हे कॅथलिक राष्ट्र. तेथील लोकांनी पार्लमेंटात व पार्लमेंटाबाहेर आपला हक्क कसा मागितला, हे त्यांनी अभ्यासिले होते. 1916 च्या एप्रिलात बेळगाव येथे लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली. तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा, आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. महाराष्ट्रातील एवढ्या मोठ्या चळवळीचा पहिला अध्यक्ष एक ख्रिस्ती गृहस्थ होता, ही गोष्ट आपल्या मुलांस शाळेत सांगितली जात नाही. निदान घरी तरी सांगावी.

लीगच्या कार्यासाठी 1917 साली ते विलायतेस गेले, व तेथील मजूरपक्षाशी त्यांनी संबंध जोडला. इंग्लंडातील कामकरी संघटना करून, वर्गणी भरून, आपले प्रतिनिधी पार्लमेंटात पाठवितात, आणि मालकाशी मेजाच्या दोन्ही बाजूंस बसून बोलणी करतात, ही व्यवस्था तेथे त्यांच्या डोळ्यांपुढे होती. ते परत आले तेव्हा हिंदुस्थानात महायुद्धानंतरची महागाई पेटली होती. 1919 च्या आरंभी व पुन्हा 1920 च्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले. 1920 सालीच मुंबईच्या टपालवाल्यांनीही संप पुकारला. दारोदार पत्रे वाटणाऱ्या ह्या गरीब चाकरमान्यांच्या पाठीशी बॅप्टिस्टा उभे राहिले. येथे मालक म्हणजे साक्षात सरकारच होते. तो संप कित्येक महिने चालला; हाल फार झाले, पदरात फारसे पडले नाही. पण हरणाऱ्या बाजूस सोडून जाणे हे काकांच्या स्वभावात नव्हते.

त्याच वर्षी 31 ऑक्टोबर रोजी मुंबईच्या एम्पायर नाट्यगृहात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष, बॅप्टिस्टा उपाध्यक्ष, व दिवाण चमनलाल चिटणीस. दुसरे अधिवेशन 1921 च्या अखेरीस बिहारातील झरिया ह्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात भरले. खाणमालकांस ते नको होते. तथापि भूगर्भातून वर आलेले हजारो काळवंडलेले मजूर तेथे जमले, आणि अध्यक्षस्थानी माझगावचे काका बॅप्टिस्टा होते.

ह्या सुमारास मद्रासेस जे घडले ते कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी मजूरसंघाचे अध्यक्ष वाडिया ह्यांच्यावर हायकोर्टात दावा लावला: संघाच्या चिथावणीने कामगारांनी करार मोडले व त्यामुळे नुकसान झाले, असा. हायकोर्टाने वाडियांस मनाईहुकूम दिला. अखेर वाडियांनी मजूरचळवळीतून अंग काढून घ्यावे, ह्या अटीवर प्रकरण मिटले. मालकांच्या वकिलांनी कायद्याबाहेर काही केले नव्हते. तेव्हाचा कायदाच तसा होता. पण ह्याचा अर्थ असा की, कामकऱ्यांनी एकत्र येऊन मालकाशी बोलणी करणे हाच कायद्याच्या दृष्टीने अपराध ठरू शकत होता. ह्या प्रसंगाने साऱ्या देशाचे डोळे उघडले. नारायण मल्हार जोशी ह्यांनी 1921 साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला, आणि पाच वर्षांच्या खटपटीनंतर 1926 चा ट्रेड युनियन कायदा झाला. त्याने नोंदलेल्या संघास व त्याच्या पुढाऱ्यांस अशा दाव्यांपासून संरक्षण दिले. 1922 साली कामाच्या आठवड्यास साठ तासांची मर्यादा पडली. 1923 साली अपघातात जायबंदी झालेल्या कामगारास भरपाई देण्याचा कायदा झाला. हे सारे कोणा एकट्याचे कर्तृत्व नव्हे. पण ज्या थोड्या माणसांनी ह्या हक्कांची मागणी सभांतून व परिषदांतून सतत जागती ठेवली, त्यांत बॅप्टिस्टा होते. 1924 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले.

त्याच 1924 साली मुंबईच्या गिरण्यांत बोनसचा संप झाला. युद्धानंतरच्या भरभराटीच्या वर्षांत मालकांनी बोनस दिला होता. नफा घटताच तो बंद केला. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती मॅक्लिऑड ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असा अभिप्राय दिला की, कामगारांस बोनसवर कायद्याने बजावता येईल असा हक्क नाही. कायद्याचे उत्तर मिळाले. पण घरात चूल पेटेना, त्याचे उत्तर कोण देणार? पुढील वर्षी मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, आणि सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबर ते डिसेंबर घरी बसले. सरकारने कापडावरील साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली, तेव्हा कपात मागे घेण्यात आली. म्हणजे मालकाचीही अडचण खोटी नव्हती, आणि ती सोडविण्याचा मार्ग मजुराच्या ताटातूनच जात होता असेही नव्हते. दोन्ही पक्षांस एकत्र बसविले असते, तर तीन महिन्यांची उपासमार कदाचित टळली असती. ह्याच 1925-26 साली बॅप्टिस्टा मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. पुढे 1931 पासून ज्या पदास मेयर म्हणू लागले, तेच हे पद. कामकऱ्यांचा वकील शहराच्या पहिल्या खुर्चीवर बसला होता.

काकांचा मार्ग पहिल्यापासून अखेरपर्यंत समेटाचा व सनदशीर होता. लोकमान्यांच्या मृत्यूनंतर असहकारिता आली, तेव्हा कोर्टे व कायदेमंडळे ह्यांवर बहिष्कार टाकणे त्यांस पटले नाही, व लोकप्रियतेसाठी त्यांनी आपले मत गुंडाळून ठेवले नाही. मजूरचळवळीत वर्गद्वेषाची भाषा शिरू लागली, तिच्याशीही त्यांचे जमले नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षांत काही जुने सहकारी त्यांच्यापासून दूर झाले. मध्यम मार्गाने चालणाऱ्यास दोन्ही बाजूंचे धक्के खावे लागतात, तसे ते त्यांनी खाल्ले.

येथे एक गोष्ट आपल्या लक्षात यावयास पाहिजे. परमगुरू पोप तेरावे लिओ ह्यांनी 15 मे 1891 रोजी कामकऱ्यांच्या स्थितीविषयी आपले विख्यात परिपत्रक प्रसिद्ध केले. कामकऱ्याने ठरलेले काम प्रामाणिकपणे करावे, मालकाच्या मालमत्तेस वा जिवास धक्का लावू नये; मालकाने कामकऱ्यास गुलाम लेखू नये, त्याच्या शक्तीबाहेर काम घेऊ नये, आणि साध्या राहणीच्या कष्टाळू माणसाचा निर्वाह होईल एवढी मजुरी द्यावी; कामकऱ्यांस आपले संघ स्थापण्याचा हक्क आहे, असे त्यात शिकविले आहे. मालक व मजूर हे स्वभावतः एकमेकांचे वैरी नव्हेत, हा त्या शिकवणीचा गाभा. बॅप्टिस्टा ह्यांचे तीस वर्षांचे कार्य ह्या शिकवणीशेजारी ठेवून पाहा. दोहोंचा मेळ किती सहज बसतो! त्यांचे नावही सुतारकाम करून पवित्र कुटुंब पोसणाऱ्या संत योसेफाचे. त्याच संतास कामकरी म्हणून मान देणारा 1 मे चा सण पोप बारावे पायस ह्यांनी 1955 साली नेमून दिला. तो पाहावयास काका हयात नव्हते.

18 सप्टेंबर 1930 रोजी जोसेफ बॅप्टिस्टा प्रभूच्या घरी गेले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्या टेकडीवरून गोदी दिसते, आगगाडीचे रूळ दिसतात. ज्या श्रमजीवी मुंबईसाठी ते झटले, तिच्याच मध्यभागी त्यांचे नाव उभे आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. कर्नाळ्याच्या आसपासचा मुलूख पूर्वी भाताचा व मिठागरांचा होता. गेल्या काही दशकांत तळोजे, रसायनी व पाताळगंगा येथे कारखाने उभे राहिले. आपल्या धर्मग्रामासारख्या वस्तीत कोणी यंत्रावर उभा असतो, कोणी कचेरीत हिशेब लिहितो, कोणी दहा-वीस माणसांचा लहान कारखाना चालवितो, आणि कोणाची मुले कायदा शिकून वकिलीची पहिली पायरी चढत असतात. अशा तरुणास आरंभी बहुधा मालकपक्षाचीच कामे मिळतात. कारण फी तोच पक्ष देऊ शकतो. त्याने ती कामे नाकारावीत, असे बॅप्टिस्टांचे चरित्र सांगत नाही. पण ते त्यास दोन गोष्टी खास शिकविते.

पहिली ही की, समोरच्या बाजूस बोलणारे कोणी नसेल, तर आपली जबाबदारी दुप्पट होते. पक्षकाराचे हित राखणे हे कर्तव्य खरेच. पण खोटा कागद, मुद्दाम लांबविलेली तारीख, आणि निरक्षर माणसाचा कोऱ्या कागदावरील अंगठा, ह्यांच्या बळावर मिळविलेला विजय प्रभूच्या दरबारात टिकणार नाही. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात अशी तरतूद आली की, समेटाच्या कामकाजात वकिलास प्रवेश नसावा, आणि न्यायाधिकरणापुढेही दुसऱ्या पक्षाची संमती असेल तरच त्याने उभे राहावे. वकिलीच्या बळाने पारडे एकीकडे झुकू नये, ही बॅप्टिस्टांच्या काळातील कडू अनुभवांची आठवण त्या तरतुदीत आहे.

दुसरी गोष्ट ही की, मालकास खरा सल्ला देण्याची संधी त्याच्या वकिलासच सर्वांत आधी मिळते. मजुरी थकविण्यापूर्वी, माणूस काढून टाकण्यापूर्वी, जखमी कामगाराची भरपाई नाकारण्यापूर्वी मालक वकिलाच्या दारी येतो. कोर्टात जे बोलता येत नाही ते त्या बंद खोलीत बोलता येते. हे करणे कायद्यात बसते एवढेच न सांगता, हे करणे योग्य नव्हे असे जो वकील आपल्या पक्षकारास तेथे सांगेल, तो एका दिवसात इतके दुःख टाळील की दहा खटले जिंकूनही ते भरून निघणार नाही. कदाचित त्याची एखादी फी बुडेल. बॅप्टिस्टांच्याही पुष्कळ बुडाल्या असतील. त्यांच्या फीचा हिशेब आज कोणी विचारीत नाही, नाव मात्र आदराने घेतात.

आणि जे मालक आहेत, व जे कामकरी आहेत, त्यांनीही हे ध्यानी धरावे की, रविवारी आपण एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो आणि एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. सोमवारी कारखान्याच्या दारात आपण परके होऊ नये. ज्युबिलीचे वर्ष हे पवित्र शास्त्राप्रमाणे ऋणमुक्तीचे व सलोख्याचे वर्ष होय. कोणाची मजुरी आपल्याकडे राहिली असेल, कोणाचा हिशेब अडला असेल, कोणाशी बोलणे तुटले असेल, तर तो गुंता सोडविण्यास ह्याहून अधिक शुभ काळ कोणता?

परमदयाळू परमेश्वर आपला सेवक जोसेफ ह्याच्या आत्म्यास चिरशांती देवो. आपल्या धर्मग्रामात न्यायाने वागणारे मालक, निष्ठेने राबणारे कामकरी, आणि दोघांस एका मेजाशी बसविणारे वकील निर्माण करो. आणि संत योसेफाच्या मध्यस्थीने आपल्या प्रत्येक घरातील घामाच्या भाकरीस आशीर्वाद देवो. आमेन.